'वयामुळेच असेल' म्हणण्याआधी: उतारवयातला रक्तवाहिन्यांचा दाह आणि त्याची सोंगं

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला काहीही झालं की उत्तर ठरलेलं असतं, वय झालं आता. थकवा आला, वय झालं. वजन उतरलं, वय झालं. खांदे आखडले, कानाने कमी ऐकू येतं, जेवताना जबडा भरून येतो, सगळ्याला हेच एक उत्तर. बऱ्याचदा ते खरंही असतं म्हणा. पण रक्तवाहिन्यांचा दाह, ज्याला डॉक्टर व्हॅस्क्युलायटिस म्हणतात, तो नेमका ह्याच उत्तराच्या आड लपतो. त्यात भर म्हणजे प्रत्येक तक्रार वेगळ्या डॉक्टरकडे जाते, जबडा दातांच्या डॉक्टरकडे, खांदा हाडांच्या डॉक्टरकडे, कान कानवाल्याकडे, आणि प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो तरी सगळं मिळून एकच आजार आहे हे कोणीच बोलत नाही कारण पूर्ण गोष्ट कोणी एकत्र ऐकलेलीच नसते.

आधी हे होतं काय ते बघू. शरीराची प्रतिकारशक्ती, जी जंतूंशी लढायला असते, ती रक्तवाहिनीच्या भिंतीवरच उलटते. भिंत सुजते, जाड होते, आतली वाट अरुंद होत जाते, कधी बंदच होते, आणि पुढे ज्या अवयवाला रक्त जात होतं तो उपाशी राहतो. काही वेळा उलटं होतं, भिंत कमकुवत होऊन फुगते किंवा रक्त पाझरतं. कोलेस्टेरॉलने होणारं ब्लॉकेज वेगळं आणि हे वेगळं: तिथे पाइपात गाळ साचलेला असतो, इथे पाइपच सुजलेला असतो, म्हणून गाळ काढायच्या उपायांनी हे बरं होत नाही. रक्तवाहिन्या डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे आहेत, त्यामुळे लक्षणंही कुठेही येऊ शकतात. डॉक्टर लोक वाहिनीच्या आकारावरून ह्या आजारांचे गट करतात, मोठ्या, मध्यम आणि बारीक वाहिन्यांचे.

उतारवयात सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे जायंट सेल आर्टरायटिस, पुढे नुसतं जीसीए म्हणू. हा पन्नाशीच्या आत जवळजवळ होतच नाही, सत्तर ते ऐंशी हा त्याचा खास काळ, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त. उत्तर युरोपातल्या वंशाच्या लोकांत हा सगळ्यात जास्त आढळतो, आशियाई लोकांत बराच कमी, पण कमी म्हणजे शून्य नव्हे आणि कमी असल्यामुळेच तो चटकन डोक्यात येत नाही. 1890 मध्ये लंडनच्या जोनाथन हचिन्सन नावाच्या डॉक्टरांनी एका म्हाताऱ्या गृहस्थांबद्दल लिहून ठेवलंय, त्यांच्या डोक्यावर लाल पट्टे उठले होते आणि ते इतके दुखायचे की त्यांना टोपी घालता येत नव्हती. ते पट्टे म्हणजे सुजलेल्या धमन्या. नंतर 1932 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या हॉर्टन आणि सहकाऱ्यांनी त्या धमनीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं ते मांडलं. तेव्हापासून पुस्तकातलं चित्र पक्कं झालं: म्हातारं माणूस, कानशिलात नवी डोकेदुखी, फुगलेली दुखरी शीर, केस विंचरताना टाळू दुखणं.

अडचण अशी की सगळे पेशंट पुस्तक वाचून येत नाहीत. कित्येकांचं डोकं दुखतच नाही.

जबड्याचं आधी नीट सांगते, कारण हे लक्षण ऐकलं की जाणकार डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतो आणि तरीही ते सगळ्यात जास्त वेळा दाताच्या खात्यावर टाकलं जातं. माणूस जेवायला बसतो, पहिले दोन-चार घास आरामात चावतो, मग गालाच्या स्नायूत कळ यायला लागते, जबडा थकतो, भरून येतो, चावणं थांबवावं लागतं. जरा थांबलं की कळ जाते, परत चावायला लागलं की परत येते. म्हणजे चालताना पोटरीत गोळा यावा आणि उभं राहिलं की जावा तसलाच प्रकार, कारण चावायच्या स्नायूला लागेल तेवढं रक्त पोचत नाही. दात दुखत असेल तर पहिल्याच घासाला दुखतो, गरम-थंड लागतं, एका ठिकाणी बोट ठेवून दाखवता येतं. जबड्याच्या सांध्याचं दुखणं असेल तर तोंड उघडताना कट्कन आवाज येतो, जांभई देताना दुखतं. हा फरक घरच्या माणसाने जेवताना बसून बघितला तरी कळतो, पण होतं काय की पेशंट स्वतःच मऊ, न चावता गिळता येईल असं खायला लागतो, मग दुखतही नाही आणि कोणाला सांगायचंही राहून जातं. कधी कधी जीभ दुखते, बोलताना थकते, आणि अगदी क्वचित जिभेचा किंवा डोक्यावरच्या कातडीचा भाग रक्ताअभावी काळा पडून मरतो. दिसायला भयंकर, पण तोपर्यंत आजार खूप पुढे गेलेला असतो.

डोळा हा ह्या आजाराचा खरा धोका. डोळ्याच्या नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या बंद पडल्या की नजर जाते, दुखत नाही, लाल होत नाही, सकाळी उठल्यावर एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होतं आणि गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही. त्याच्या आधी काही दिवस इशारे मिळू शकतात: एका डोळ्याची नजर काही मिनिटं जाऊन परत येणं, किंवा एकाचे दोन दिसणं. आपल्याकडून इथे सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे, मिनिटात परत दिसायला लागलं ना, मग बघू सोमवारी. उपचार झाले नाहीत तर दुसरा डोळाही काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत जाऊ शकतो, म्हणून हे त्याच दिवशी इमर्जन्सीत जायचं काम आहे, चष्म्याचा नंबर तपासायचं नव्हे.

आता जरा अवघड भाग, जिथे ना डोकं दुखतं ना डोळा बिघडतो. मोठ्या वयात आठवड्यानुआठवडे ताप येतोय, सगळ्या टेस्ट झाल्या, जंतू सापडत नाही, अँटिबायोटिक बदलून बदलून दिली, ताप जात नाही, अशा पेशंटमध्ये जीसीए हे ठरलेलं संशयित नाव आहे. रात्री घाम, वजन कमी, भूक मेली, रक्त कमी, मग साहजिकच कॅन्सरचा शोध सुरू होतो, एंडोस्कोपी, स्कॅन, आणि काहीच सापडत नाही. कोणाला नुसता कोरडा खोकला असतो जो कशानेच जात नाही आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ. कोणाच्या रिपोर्टमध्ये फक्त हिमोग्लोबिन कमी आणि प्लेटलेट वाढलेल्या असतात, बस तेवढंच, आणि आयर्नच्या गोळ्या महिनोन्महिने चालू राहतात. कोणी नुसतं मलूल होत जातं, बोलत नाही, खात नाही, आणि त्याला डिप्रेशन समजलं जातं.

मग एक प्रकार असा की कानशिलाच्या धमन्या जवळजवळ सोडून आजार महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मुख्य धमनी, आणि तिच्या हाताकडे जाणाऱ्या फांद्यांमध्ये बसतो. ह्यात हात वर करून काम केलं, कपडे वाळत घातले, वरच्या फळीवरचं काढलं की हात भरून येतो, गळून जातो. दोन्ही हातांचं बीपी घेतलं तर ठळक फरक येतो, एका मनगटाची नाडी लागत नाही. बीपी मशीन घरी असूनही आपण कायम एकाच हाताला लावतो, त्यामुळे हे कळत नाही. काहींना आजार शांत झाल्यावरही पुढे वर्षांनी महाधमनीला फुगा येतो, म्हणून त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं.

आणि पक्षाघात. इथे एक छान तपशील आहे. जीसीए अशा धमन्यांना धरतो ज्यांच्या भिंतीत लवचिक पडदा नीट असतो. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या मेंदूचं आवरण भेदून आत शिरल्या की त्यांचा बाहेरचा लवचिक पडदा जवळजवळ संपतो, म्हणून मेंदूच्या आतल्या धमन्या बहुतेक वाचतात आणि मार बसतो तो आत शिरायच्या जरा अलीकडे, खास करून मानेच्या मागच्या बाजूने जाणाऱ्या जोडीला. त्यामुळे ह्या आजारातला झटका बरेचदा मागच्या मेंदूचा असतो, गरगरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं. चक्कर म्हणजे कानाचं किंवा मणक्याचं अशी आपली समजूत असतेच, त्यात हा झटका लक्षातच येत नाही.

खांद्यांचं राहिलंच. सकाळी उठल्यावर दोन्ही खांदे, मान आणि कंबरेचा घेर इतका आखडलेला की कुशीवर वळता येत नाही, हात वर करून केस विंचरता येत नाहीत, आणि दुपारपर्यंत जरा सैल होतं. ह्याला पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका म्हणतात, हा जीसीएचा भाऊच. जीसीएच्या साधारण निम्म्या पेशंटना हे असतं, आणि नुसतं हे असलेल्यांपैकी साधारण सहा-सात जणांत एकाला जीसीए निघतो. ह्याला प्रेडनिसोलोन ह्या स्टेरॉईडचा कमी डोस, 15 मिलिग्रॅमच्या आसपास, एक-दोन दिवसांत जादू केल्यासारखा लागू पडतो. पण तेवढा डोस डोळा वाचवायला पुरत नाही. म्हणून खांदे बरे झाले तरी ह्या पेशंटला डोकेदुखी, जबडा, नजर ह्याबद्दल परत परत विचारायला हवं.

तपासण्यांचं सांगायचं तर ईएसआर आणि सीआरपी ह्या दोन रक्ततपासण्या स्वस्त आणि कामाच्या. दोन्ही अंगात दाह आहे एवढंच सांगतात, कुठे आहे ते नाही. ईएसआर वयाबरोबर तसाही वाढतो, जुना ठोकताळा असा की पुरुषात वयाच्या निम्मा आणि बाईत वयात 10 मिळवून त्याच्या निम्मा इथपर्यंत चालतो, म्हणजे ऐंशीच्या आजींचा 45 आला तरी घाबरायचं कारण नाही. जीसीएमध्ये तो बहुतेकदा 50 च्या वर, कधी शंभरीपार. पण थोड्या लोकांत नॉर्मलही येतो, म्हणून एका आकड्यावर आजार नाही म्हणून टाकणं धोक्याचं, दोन्ही टेस्ट मिळून नॉर्मल असतील तर शक्यता बरीच कमी होते.

खात्री करायला कानशिलातल्या धमनीची बायोप्सी, जागेवर भूल देऊन निदान एक सेंटिमीटर तुकडा काढतात. तुकडा लांब का हवा, तर आजार सलग नसतो, मध्ये मध्ये चांगला भाग सोडून पुढे परत सुरू होतो, छोटा तुकडा नेमका चांगल्या भागातला आला की रिपोर्ट निगेटिव्ह. दुसरा रस्ता सोनोग्राफीचा. 1997 मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी दाखवलं की सुजलेल्या धमनीभोवती सोनोग्राफीत काळी कडा दिसते, तिला हेलो म्हणतात, आणि आता बऱ्याच ठिकाणी अनुभवी माणूस असेल तर आधी हीच करतात. महाधमनीसाठी पेट (PET) स्कॅन किंवा सीटी. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, दाट संशय असेल तर तपासणीची तारीख मिळेपर्यंत स्टेरॉईड सुरू करायचं थांबवत नाहीत. सोनोग्राफीतली कडा काही दिवसांत फिकी पडते हे खरं, पण बायोप्सीतल्या खुणा स्टेरॉईड सुरू केल्यावरही दोन-चार आठवडे टिकतात, नजर तेवढी थांबत नाही.

बारीक वाहिन्यांचा गट वेगळाच. ह्यातले महत्त्वाचे आजार अँका नावाच्या अँटिबॉडीशी जोडलेले आहेत, आणि साठी-सत्तरीत ते चांगल्यापैकी दिसतात. इथे किडनी गपचूप जाते. दुखत नाही, लघवी लाल दिसतेच असं नाही, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा आकडा, मात्र काही आठवड्यांत 1.1 वरून 1.8, मग 3. रिपोर्ट हातात घेऊन कोणीतरी म्हणतं शुगर आहे ना, बीपी आहे ना, मग किडनी जाणारच. पण शुगर-बीपीची किडनी वर्षानुवर्षं हळूहळू उतरते, आठवड्यांत नाही. जुना रिपोर्ट शेजारी ठेवला की फरक दिसतो, आणि साध्या लघवीच्या तपासणीत प्रोटीन आणि लाल पेशी एकत्र सापडल्या तर ती धोक्याची घंटा. माझ्या मते म्हाताऱ्या माणसाच्या तपासण्यांत लघवीची साधी तपासणी सगळ्यात दुर्लक्षित आहे, हजारोंचे स्कॅन होतात आणि ही राहते.

ह्याच गटात फुप्फुस. काहींना आधी फुप्फुसावर व्रण, दम लागणं, आणि किडनीचं दुखणं काही वर्षांनी उघड होतं. काहींना खोकल्यातून रक्त. काहींना नाक चोंदलेलं, खपल्या, रक्त, सायनसचं ऑपरेशन होऊनही तेच. कानात पाणी साठून दोन्ही कानांनी ऐकू येणं काही आठवड्यांत कमी होणं, अँटिबायोटिकने न जाणं, हे तर म्हाताऱ्या माणसात हमखास वयाच्या बहिरेपणात जातं, जरी वयाचा बहिरेपणा कधी आठवड्यांत येत नाही. आणि पाय. एक दिवस पाऊल उचलत नाही, चप्पल पायातून निसटते, पुढचा भाग घासत चालतो, मग काही दिवसांनी दुसऱ्या बाजूच्या मनगटाचं तसंच. मणक्याचा एमआरआय काढला जातो, त्या वयात त्यात काहीतरी दबलेलं सापडतंच, आणि गाडी चुकीच्या रुळावर जाते. नसेला रक्त पुरवणारी बारीक वाहिनी बंद पडली की एकेक नस अशी वेगवेगळ्या जागी जाते, एका मणक्याने ते होत नाही. मोठेपणी पहिल्यांदाच दमा झाला, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी खूप वाढल्यात आणि वर पाऊल लुळं पडलं, तर ह्याच घराण्यातला ईजीपीए नावाचा आजार डोक्यात यायला हवा. काही औषधांमुळेही अँका आजार होतो, बीपीचं हायड्रालाझिन आणि थायरॉईडचं प्रोपिलथायोयुरासिल ही त्यातली माहीत असलेली नावं, त्यामुळे सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यायची.

पायावर लाल-जांभळे ठिपके आले, हाताला किंचित उंचवटा लागतो आणि काचेचा ग्लास दाबून धरला तरी रंग जात नाही, तर ते बारीक वाहिन्यांतून पाझरलेलं रक्त. लहान मुलांत हे बहुतेकदा आपोआप बरं होतं, मोठ्यांत किडनीला त्रास व्हायची शक्यता जास्त. मध्यम वाहिन्यांच्या पॉलिआर्टरायटिस नोडोसामध्ये जेवल्यावर पोटात मुरडा, वजन उतरणं, अचानक चढलेलं बीपी, पुरुषांत अंडकोषात दुखणं असं काहीबाही येतं, आणि त्याचा हिपॅटायटिस बी शी संबंध असू शकतो म्हणून ती टेस्ट करतात.

एक नवा पाहुणा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी 25 पुरुषांवरून एक आजार ओळखला, नाव ठेवलं व्हेक्सास. पन्नाशीनंतर रक्त तयार करणाऱ्या पेशींमध्ये यूबीए1 नावाच्या जीनमध्ये बिघाड होतो, जन्मतः नसतो, नंतर होतो, आणि तो जीन एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे जवळजवळ सगळे पेशंट पुरुष. ताप, कानाची पाळी लाल होऊन सुजणं, अंगावर चट्टे, फुप्फुसाला सूज, शिरांत रक्ताच्या गुठळ्या, आणि लाल पेशी आकाराने मोठ्या झालेला अ‍ॅनिमिया. वाहिन्यांचा दाहही होतो, हुबेहूब इतर प्रकारांसारखा. ह्याच्या आधी ही माणसं दहा वेगवेगळ्या नावांखाली फिरत होती. स्टेरॉईडने बरं वाटतं, कमी केलं की परत, आणि बी-12 देऊनही अ‍ॅनिमिया हलत नाही, असं चित्र एखाद्या साठीच्या पुरुषात असेल तर ही जीन टेस्ट विचारण्यासारखी आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून प्रत्येक खोकल्यात जीसीए दिसायला लागेल. बरंच काही व्हॅस्क्युलायटिससारखं दिसतं आणि नसतं. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला तर ताप, ठिपके, किडनीचा त्रास सगळं होतं, अँकासुद्धा पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि तिथे नुसतं स्टेरॉईड दिलं तर माणूस हातचा जाईल. अँजिओग्राफीनंतर कोलेस्टेरॉलचे कण सुटून पायाची बोटं निळी पडतात, किडनी बिघडते. अमायलॉइड नावाचं प्रथिन साठून जबडा तसाच दुखू शकतो. टीबी आणि कॅन्सर तर आहेतच. म्हणून आधी रक्ताचं कल्चर, इको, गरजेप्रमाणे स्कॅन, आणि शक्य तिथे तुकडा काढून बघणं हे सगळं करतात. डॉक्टर इतक्या टेस्ट का करतायत ह्याचं उत्तर हेच.

घरच्यांनी काय करायचं, तर एका कागदावर तारखेसकट लिहायचं, खांदे कधीपासून, ताप कधीपासून, वजन किती होतं किती झालं, जबडा, नजर, कान, पाऊल, हे सगळं एकाच कागदावर, जरी वाटलं की ह्याचा त्याच्याशी काय संबंध. मागच्या दोन वर्षांचे क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, ईएसआर सोबत. आणि ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आणि अशा प्रतिकारशक्तीच्या आजारांच्या डॉक्टरकडे जायचं, हे दुखणं मुळात त्यांचं. नजरेची तक्रार असेल तर मात्र कागद राहू दे, थेट इमर्जन्सी.

उपचारात पहिलं औषध स्टेरॉईडच. जीसीएला रोज 40 ते 60 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन, नजर गेली असेल किंवा जात असेल तर तीन दिवस शिरेतून मोठा डोस, मग महिन्यांच्या हिशोबाने हळूहळू कमी. अँकाच्या आजारात स्टेरॉईडबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारं रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फमाइड लागतं. स्टेरॉईडची म्हाताऱ्या शरीराला किंमत मोजावी लागते, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू, जंतुसंसर्ग, झोप उडणं, म्हणून कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, हाडांची गोळी, लसी ह्यांचं सुरुवातीलाच विचारून घ्या. बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करायचं तर अजिबात नाही, शरीराने स्वतःचं स्टेरॉईड बनवणं थांबवलेलं असतं, माणूस कोसळू शकतो.

स्टेरॉईड लवकर कमी करता यावं म्हणून 2017 पासून टोसिलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आलं. 251 पेशंटच्या चाचणीत दर आठवड्याला इंजेक्शन आणि 26 आठवड्यांत स्टेरॉईड बंद, अशा गटात वर्षभराने 56 टक्के लोकांचा आजार शांत होता, नुसत्या स्टेरॉईडवर तेवढ्याच काळात बंद केलेल्यांमध्ये 14 टक्के. फरक मोठा आहे. पण ह्यात एक मेख आहे जी पेशंटला कोणी सांगत नाही. हे औषध ज्या रसायनाला अडवतं त्याच्याच सांगण्यावरून लिव्हर सीआरपी बनवतं, त्यामुळे आजार उलटला तरी सीआरपी छान नॉर्मल येत राहतो, ईएसआरही खाली असतो. म्हणून ह्या इंजेक्शनवर असलेल्या माणसाचा जबडा परत भरून यायला लागला किंवा डोकं दुखायला लागलं तर कालचा रिपोर्ट कितीही चांगला असला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं, पुढच्या महिन्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही.